न झांकलेला खड्डा

निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायांत एक लहानसा नियम आहे, आणि वाचतांना पुष्कळांची दृष्टि त्यावरून सहज पुढें निघून जाते. त्याचा आशय असा कीं, कोणी मनुष्यानें खड्डा उघडला किंवा नवा खणला, आणि तो झांकून न ठेवल्यामुळें त्यांत दुसऱ्याचें जनावर पडून मेलें, तर खड्ड्याच्या धन्यानें जनावराच्या मालकाला त्याची किंमत भरून द्यावी.

या नियमांत विचार करण्याजोगी गोष्ट ही कीं, खड्डा खणणाऱ्याच्या मनांत वाईट हेतु होता असें शास्त्र म्हणत नाहीं. शेजाऱ्याचा बैल मरावा म्हणून त्यानें तो खणला नव्हता. पाण्यासाठीं खणला असेल, धान्याचें पेंव म्हणून खणला असेल. त्याचें काम झालें आणि तो घरीं गेला, एवढेंच. तरीही देवाच्या नियमाप्रमाणें तो देणेकरी ठरला. कारण आपल्या सोयीसाठीं केलेल्या कृत्याचा शेवट आपल्या पाठीमागें कोठें जाऊन होतो, हें पाहण्याची तसदी त्यानें घेतली नाहीं.

आतां प्रश्न असा कीं, ज्या कृत्यांत द्वेष नाहीं, चोरी नाहीं, लबाडी नाहीं, आणि ज्यानें आपल्या डोळ्यांदेखत कोणाचेंही नुकसान होत नाहीं, असें कृत्य पाप असूं शकतें काय? हा प्रश्न आज आपल्या गांवोगांवच्या उकिरड्यांवर, ओढ्यांत आणि कांट्यांच्या कुंपणांवर फडफडत असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीसंबंधानें विचारावयाचा आहे. बाजारांतून येतांना पिशवी घेतली, घरीं आल्यावर फेकून दिली; यांत धर्माचा संबंध काय, असें आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ सज्जन बंधुभगिनींना वाटतें. म्हणून या विषयाचा शास्त्राच्या प्रकाशांत शांतपणें विचार करूं.

प्रथम ही वस्तु काय आहे तें पाहूं. प्लास्टिक झाडाला लागत नाहीं कीं खाणींत सांपडत नाहीं. मनुष्यानें तें मुख्यत्वेंकरून खनिज तेल व वायु यांपासून बनविलें आहे. संपूर्णपणें कृत्रिम असें पहिलें प्लास्टिक लिओ बेकलंड यानें १९०७ सालीं तयार केलें. ज्या पॉलिथीनच्या पिशव्या होतात तें १९३३ सालीं इंग्लंडांतील एका कारखान्यांत, दुसराच प्रयोग चालला असतां, अकल्पितपणें हातीं आलें. आणि बाजारांत मिळणारी दोन कानांची एकसंध हलकी पिशवी स्टेन थुलिन नांवाच्या स्वीडनमधील गृहस्थानें योजिली. तिचें पेटंट १९६५ सालचें आहे. म्हणजे मोशेपासून आपल्या पणजोबांपर्यंत कोणाचेंही या पिशवीवांचून अडलें नव्हतें.

मनुष्याच्या बुद्धीचें हें फळ सर्वस्वीं वाईट आहे असें म्हणणें मात्र अन्यायाचें होईल. दवाखान्यांत रोग्याला लावलेली सलाईनची पिशवी, दुष्काळी भागांतील शेतांत थेंब थेंब पाणी पोंचविणारी ठिबकाची नळी, लांबच्या विहिरीवरून पाणी आणणाऱ्या बाईच्या डोक्यावरील हलकी घागर, हीं सर्व त्याच वस्तूचीं रूपें होत, आणि त्यांबद्दल आपण देवाचे आभारच मानावे. दोष वस्तूंत नसून मापांत आहे. जी घागर दहा वर्षें चालते तिची गोष्ट वेगळी; आणि जी पिशवी दुकानापासून घरापर्यंत अर्धा तास चालते, पण आपल्या नातवंडांच्या हयातींतही कुजत नाहीं, तिची गोष्ट वेगळी. घटकाभराच्या सोयीपायीं पिढ्यांचा कचरा, हें माप देवाच्या तराजूंत बरोबर उतरणार नाहीं.

कारण देवाच्या सृष्टीची रीति अशी नाहीं. पान गळतें, तें मातीला मिळतें, आणि माती पुन्हां पान देते. शेण, पेंढा, काडीकचरा यांपैकीं कांहींच वायां जात नाहीं, हें शेतकऱ्याला कोणी शिकवावयास नको. मनुष्याचें शरीरसुद्धां ज्या मातीचें आहे त्या मातीला परत जातें. प्लास्टिक या फेऱ्यांत शिरत नाहीं. तें उन्हानें तडकतें, झिजतें, त्याचे डोळ्यांना न दिसणारे कण होतात, पण त्याची माती होत नाहीं. ते कण पाण्यांतून व अन्नांतून शरीरांत जातात. २०२२ सालीं नेदरलंड्स देशांतील शास्त्रज्ञांनीं २२ माणसांचें रक्त तपासलें, तेव्हां १७ जणांच्या रक्तांत प्लास्टिकचे कण सांपडले. अमेरिकेंतील तीन शास्त्रज्ञांनीं २०१७ सालीं सर्व जगाचा हिशेब मांडला, तो असा: २०१५ अखेरपर्यंत सुमारें ८३० कोटी टन प्लास्टिक तयार झालें आणि त्यांतील सुमारें ६३० कोटी टनांचा कचरा झाला. त्या कचऱ्याच्या शंभर भागांपैकीं ९ भाग वितळवून पुन्हां कामीं आले, १२ भाग जाळले गेले, आणि बाकीचे ७९ भाग उकिरड्यांत किंवा उघड्या सृष्टींत पडून राहिले. हा आपल्या पिढीनें खणलेला खड्डा होय. आणि तो उघडा आहे.

आतां या खड्ड्यांत कोण पडतें तें पाहूं.

पहिल्यानें मुकीं जनावरें पडतात. गाय पिशवीच्या आवडीनें पिशवी खात नाहीं. आपण भाकरीचे शिळे तुकडे, भाजीचे देंठ, फळांच्या साली पिशवींत भरून, वर गांठ मारून ती उकिरड्यावर फेकतों. गाईला अन्नाचा वास येतो, पण गांठ सोडावयाला तिला हात नाहींत. आणि गुरांची रीत अशी कीं, आधीं भराभर गिळावें व मग स्वस्थ बसून रवंथ करावा. त्यामुळें अन्नाबरोबर पिशवीही पोटांत जाते. गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांतील पहिल्या मोठ्या कप्प्याला पशुवैद्य कोटीपोट म्हणतात. त्यांत ती पिशवी अडकून राहते. ती पचत नाहीं आणि पुढेंही सरकत नाहीं. पिशव्यांवर पिशव्या सांचून त्यांचा गोळा होतो. पोट भरलेलें वाटून जनावर चारा सोडतें, रवंथ थांबतो, दूध आटतें, आणि शेवटीं भरल्या पोटीं तें उपाशी मरतें. पोट चिरून तो गोळा काढण्याची शस्त्रक्रिया पशुवैद्य करतात. परंतु ज्या विधवेच्या दारीं एकच गाय आहे, तिला दुखणें समजेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. मोशेच्या नियमांतला बैल खड्ड्यांत पडला. आपण तर खड्डाच उचलून गाईच्या पोटांत ठेवला.

दुसऱ्यानें पाणी आणि माती. २००५ सालच्या जुलै महिन्याच्या २६ तारखेस मुंबईंत सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला आणि शेंकडों माणसें प्राणांस मुकलीं. त्या प्रलयाचीं कारणें अनेक होतीं: असाधारण पाऊस, समुद्राची भरती, मिठी नदीच्या पात्रावरील अतिक्रमणें, पण पिशव्यांनीं गटारांचीं तोंडें बुजलीं होतीं, हेंही त्यांतील एक होतें. बांगलादेशानें १९८८ व १९९८ सालच्या पुरांत हाच अनुभव घेतला, आणि २००२ सालीं पातळ पिशव्यांवर बंदी घातली. असें करणारा जगांतील पहिला देश श्रीमंत नव्हता, तर हा गरीब शेजारी होता. शहरांत गटार तुंबतें, खेड्यांत रस्त्याखालची मोरी तुंबते. पाण्याचा न्याय दोन्हींकडे एकच आहे. शेतांत अंथरलेला मल्चिंगचा कागद पीक निघाल्यावर गोळा केला नाहीं, तर त्याच्या चिंध्या नांगराबरोबर मातींत जातात, आणि पुढच्या पिकाचीं मुळें त्यांना अडखळतात.

तिसऱ्यानें आपलींच लेंकरें. ओलें लाकूड लवकर पेटावें म्हणून पुष्कळ घरीं चुलींत प्लास्टिकची पिशवी घालतात. कित्येक ठिकाणीं अंगणांत कचऱ्याचा ढीग पेटवून देतात, आणि घर स्वच्छ झालें असें समजतात. परंतु प्लास्टिकचा धूर विषारी असतो. ज्या जातीच्या प्लास्टिकमध्यें क्लोरिन असतें त्याच्या धुरांत डायॉक्सिन नांवाचीं विषें असतात आणि त्यांनीं कर्करोगासारखे रोग होतात. चुलीपुढें बसणारी आई आणि तिच्या मांडीवरचें मूल हा धूर सर्वांआधीं घेतात. झांकला म्हणून समजलेला हा खड्डा खरें पाहतां घरांतच उघडला जातो.

आतां कोणी म्हणेल, "हा खड्डा आम्हीं खणला नाहीं. कारखानदारांनीं खणला. तेलाची, साबणाची, चहाची पुडी ते पुडक्यांतच विकतात. गरिबानें काय करावें?" हें म्हणणें पोकळ नाहीं. ज्याच्या हातीं रोजची मजुरी रोज येते त्याला महिन्याचें तेल एकदम घेतां येत नाहीं, म्हणून तो दोन रुपयांची पुडी घेतो. त्याला दोष देणें सोपें आहे, पण न्यायाचें नाहीं. २०१६ सालच्या केंद्र सरकारच्या नियमांनीं प्लास्टिक विकणाऱ्या उत्पादकांवर तें परत गोळा करण्याची जबाबदारी टाकली, ती योग्यच होय. ज्याला नफा मोठा त्याचें उत्तरदायित्व मोठें. परंतु शास्त्रवचनाकडे पुन्हां नीट पाहा. तेथें दोन माणसें सांगितलीं आहेत: एक खड्डा खणणारा, आणि दुसरा असलेला खड्डा उघडणारा. दुसऱ्यानें कुदळ हातीं धरली नव्हती; त्यानें नुसतें झांकण काढलें, आणि तें परत ठेवलें नाहीं. कारखानदार खणणारा असेल, पण घराबाहेर पिशवी भिरकावणारा उघडणारा आहे. पहिल्याच्या अपराधानें दुसऱ्याचा अपराध फिटत नाहीं. आपलें ठेवावें झांकून आणि दुसऱ्याचें पाहावें वांकून, ही जगाची रीत झाली. ख्रिस्ताच्या मंडळीची ती नसावी.

दुसरा कोणी म्हणेल, "माझी एक पिशवी ती केवढी!" ज्या प्रभूनें मंदिराच्या भांडारापुढें बसून विधवेच्या दोन दमड्या पाहिल्या, आणि श्रीमंतांच्या दानांहून त्यांची किंमत अधिक ठरविली, त्याच्या राज्यांत लहान कृत्य लहान समजलें जात नाहीं. चांगलें कृत्य लहान म्हणून हरवत नाहीं, तर वाईट कृत्य लहान म्हणून कसें हरवेल? थेंबें थेंबें तळें सांचतें, तें गोड्या पाण्याचेंही आणि घाणीचेंही.

तिसरा आक्षेप आपल्यांतील श्रद्धावंतांचाच असतो. ते म्हणतात, "ही पृथ्वी नाहीशी होणार आहे आणि देव सर्व कांहीं नवें करणार आहे, मग हिची एवढी काळजी कशाला?" बंधूंनो, आपलें हें शरीरही मातींत जाणार आहे आणि पुनरुत्थानाच्या दिवशीं आपल्याला नवें मिळणार आहे, म्हणून आज कोणी त्यांत विष घालीत नाहीं. धनी परत येणार आहे हें ज्या कारभाऱ्याला ठाऊक आहे, तो वाडा अधिक झाडून ठेवतो, उकिरडा करून ठेवीत नाहीं. देवानें पहिल्या मनुष्याला बागेंत ठेवलें तें तिची मशागत व राखण करण्यासाठीं, हें उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायांत सांगितलें आहे. तो हुकूम मनुष्याच्या पतनाच्या पूर्वींचा आहे. पतनानें तो रद्द झाला असें शास्त्रांत कोठें नाहीं.

येथें त्याच अध्यायांतील दुसराही एक नियम ध्यानांत घ्यावा. तो मारक्या बैलाचा. बैलानें अवचित शिंग मारून मनुष्याचा जीव घेतला तर धनी निर्दोष. पण बैल मारका आहे असें त्याला अगोदर बजावलें असून त्यानें तो आवरला नाहीं, तर दोष धन्याच्या माथीं. म्हणजे ज्ञानानें जबाबदारी वाढते. ज्या काळांत पिशवी नवी होती, त्या काळच्या लोकांना तिचा परिणाम ठाऊक नव्हता. आपल्याला ठाऊक आहे. आपल्या गांवच्या गाई मेलेल्या आपण पाहिल्या आहेत. आतां आपला बैल मारका आहे हें आपल्याला सांगून झालें आहे.

आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. ती बोलतांना संकोच वाटतो, पण ती आपल्या मंडळ्यांच्या अगदीं अंतःकरणाजवळची आहे. आपल्यांतील पुष्कळ कुटुंबांच्या वाडवडिलांवर गांवानें एके काळीं मेलेलीं ढोरें ओढण्याचें आणि रस्ते झाडण्याचें काम लादलें होतें. दुसऱ्याची घाण वाहणें हाच तुमचा धर्म, असें त्यांना सांगण्यांत येई. सुवार्तेनें त्यांना सांगितलें कीं, तुम्ही देवाचीं लेंकरें आहां, आणि देवाच्या घरीं कोणी कोणाची घाण वाहण्यासाठीं जन्मास येत नाहीं. मग आज आपण रस्त्यावर जें टाकतों तें कोण उचलतें? शहरांत कचऱ्याच्या ढिगांतून प्लास्टिक वेंचणाऱ्या स्त्रिया बहुतेक दलित समाजांतल्या आहेत. पुण्यांत या वेंचणाऱ्यांनीं १९९३ सालीं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या नांवाची संघटना उभी केली, आणि आपलें काम कष्टाचें व मानाचें आहे हें लोकांना दाखवून दिलें. त्यांचा मान आपण अवश्य राखावा. पण जो कचरा करतो तो मोठा आणि जो उचलतो तो हलका, ही जुनी समजूत ज्यांच्या पाठीवर वळ उठवून गेली, त्यांनींच आपला कचरा बेफिकीरपणें दुसऱ्याच्या वाटेवर टाकावा, याहून खेदाची गोष्ट कोणती? प्रभूनें शिष्यांचे पाय धुतले. जो दुसऱ्याच्या पायांची धूळ पुसतो त्याचे शिष्य दुसऱ्याच्या दारांत धूळ टाकणारे नसावे.

सरकारनें आपलें काम केलें आहे. महाराष्ट्र सरकारनें २३ मार्च २०१८ रोजीं प्लास्टिकच्या हातपिशव्या, प्लास्टिकचीं व थर्माकोलचीं ताटें, पेले वगैरेंवर बंदी जाहीर केली; पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये दंड, दुसऱ्यास १०,०००, आणि तिसऱ्यास २५,००० रुपये व तीन महिन्यांपर्यंत कैद, अशी शिक्षा ठरविली. केंद्र सरकारनें १ जुलै २०२२ पासून एकदां वापरून फेकण्याच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर सबंध देशांत बंदी घातली, आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरपासून हातपिशवीची जाडी निदान १२० मायक्रॉन, म्हणजे मिलीमीटरच्या आठव्या भागाच्या जवळपास, असली पाहिजे असें ठरविलें. तरीही पिशव्या दिसतातच. यांत नवल नाहीं. कायदा दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत जातो. मनाच्या उंबऱ्याच्या आंत जाण्याचें सामर्थ्य त्याला नाहीं. दंडाच्या भयानें पिशवी लपवितां येते, सोडतां येत नाहीं. सोडावयाला शेजाऱ्यावरची प्रीति लागते, आणि ती शिकविण्याचें काम सरकारचें नसून मंडळीचें आहे.

म्हणून उपदेशक बंधूंना व मंडळ्यांच्या वडिलांना कांहीं साध्या सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, शिळें अन्न कधींही पिशवींत बांधून टाकूं नये. तें उघडें गुरांना घालावें किंवा खताच्या खड्ड्यांत टाकावें. एवढ्या एकाच गोष्टीनें पुष्कळ जनावरें वांचतील. दुसरी, दाराच्या खुंटीला एक कापडी पिशवी नेहमीं टांगलेली असावी, आणि दुधाला घरची किटली न्यावी. जुन्या लुगड्याची पिशवी शिवावयाला शिंप्याकडे जाण्याचेंही कारण नाहीं. तिसरी, घरांत येईल तें प्लास्टिक जाळूं नये. धुऊन, सुकवून एका पोत्यांत सांठवावें आणि भंगारवाल्यास द्यावें. चौथी, ज्याला पुडीवांचून गत्यंतर नाहीं त्याला लाजवूं नये. उलट दोन-चार घरांनीं मिळून तेल-साबण मोठ्या मापानें आणावें व वांटून घ्यावें. पहिल्या मंडळीनें सर्व कांहीं सामाईक ठेवलें होतें. आपल्याला निदान तेलाचा डबा सामाईक ठेवतां येईल.

पांचवी सूचना आपल्या सभांविषयीं. नाताळच्या आणि हंगामाच्या सणाच्या प्रीतिभोजनानंतर मंदिराच्या आवारांत काय पडलेलें असतें, हें एकदां सर्वांनीं थांबून पाहावें. आपण ज्या देवाला शेताच्या पहिल्या उत्पन्नाचें अर्पण आणतों, त्याच्याच अंगणांत न कुजणारे पेले टाकून घरीं जातों. पूर्वीं लोक जेवावयास येतांना आपलें ताट व तांब्या घेऊन येत. तो रिवाज पुन्हां सुरू करावा, किंवा पळसाच्या पत्रावळींवर जेवावें. पांच हजारांना भोजन दिल्यावर प्रभूनें उरलेले तुकडे गोळा करावयास सांगितले, आणि बारा टोपल्या भरल्या. ज्याला भाकरींचा तोटा नव्हता, ज्याच्या शब्दासरशी आणखी पांच हजार भाकरी झाल्या असत्या, त्यानेंही गवतावर कांहीं टाकून जाऊं दिलें नाहीं. हा धडा शब्बाथशाळेंतील मुलांना त्या चमत्काराबरोबरच शिकवावा.

मात्र एका धोक्यापासून जपावें. पुदिन्याचा दशांश मोजून देणारे आणि न्याय व दया विसरणारे परूशी प्रभूच्या वेळीं होते. कापडी पिशवी हातीं घेऊन जो शेजाऱ्याच्या पिशवीकडे तुच्छतेनें पाहतो, त्यानें एक खड्डा झांकून दुसरा उघडला. हें काम तारणाचें साधन नव्हे. ज्याचें तारण झालें आहे त्याच्या प्रीतीचें तें एक फळ आहे.

खड्डा झांकणाऱ्याला जगांत नांवलौकिक मिळत नाहीं. तो झांकतो, घरीं जातो. रात्रीं शेजाऱ्याचा बैल त्यावरून सुखरूप निघून जातो, आणि आपला बैल कोणामुळें वांचला हें शेजाऱ्याला कधींच कळत नाहीं. काय घडलें नाहीं याची नोंद कोणत्याही वहींत होत नाहीं. परंतु गुप्त गोष्टी पाहणारा आपला स्वर्गीय पिता ती नोंद ठेवतो. त्याच्यासाठीं आणि आपल्या शेजाऱ्यासाठीं, ज्यानें त्यानें आपापल्या दारचा खड्डा आजच झांकावा. आणि तसें करण्याची सद्बुद्धि प्रभु आपणां सर्वांस देवो.